सास्तूरहून मागवलेली चव

पवनचक्कीचा माळ, येरमाळ्याच्या पुढं
८ ऑक्टोबर २०२५

गड्या गुंडाप्पा, रामराम.

सगळ्यांची खुशाली एकेक करून कळव. "सगळे बरे" असं मोघम लिहून मोकळा होऊ नको. सितावहिनीचा गुडघा औंदा पावसानं लईच धरला का? तुझा शंभू सोलापूरहून आला होता का, आन त्याच्या लेकीला दात आले का? म्हैस व्याली का, रेडा की रेडी? तुझ्या कानांचं विचारत न्हाय. त्यांची खबर मला फोनवर लागली. मी अर्धा तास बोललो, तू सगळ्याला "व्हय व्हय" म्हणालास, आन शेवटी विचारलंस, "पण कोण बोलतंय?" म्हणून आता ही पत्राची वाट धरली. रात्रीच्या शाळेत गौरीशंकर मास्तरानं आपल्या दोघा घोड्यांना अक्षरं शिकवली, ती कधी कामाला यायची?

मथुरा गेल्यावर रणधीरनं मला इथं आणलं, त्याला वरीस होऊन गेलं. त्याचा बिअरचा लहानसा कारखाना हाय. मोठ्या रस्त्यालगत असली चीज विकू देत न्हाईत, म्हणून पार आत माळावर. गाव न्हाय, पार न्हाय, चहाची टपरी न्हाय. चौबाजूनं तारेचं कुंपण, एक फाटक, आन वर पवनचक्क्या, दिवसभर गरगर गरगर. येडाई देवीचा डोंगर दिसतो, पण जाऊ म्हटलं की फाटकावरचा माणूस हात जोडतो, "आबा, साहेबांनी सांगितलंय, एकट्याला सोडायचं न्हाय." पोरगं लई जीव लावतं, सून सोनाली हाताला धरून जेवाय बसवते. तक्रार करायला जागाच ठेवली न्हाय बघ.

हितली बिअर बाटलीतल्यासारखी न्हाय. सातूला आन आपल्या शाळूला मोड आणून, भरडून, शिजवून, आंबवून झालं की ते पिपात भरतात, आन त्यात विरजणासारखं जितं काहीतरी राहू देतात. पिपातच ती मुरत बसते. वरनं गॅस मारत न्हाईत. जमिनीत पेवासारखं तळघर खणलंय, त्यात पिपं आडवी निजवलेली. प्रत्येकाच्या पोटावर एक लाकडी खुंटी. ती जरा सैल ठेवली तर पीप श्वास सोडतं, ठोकून बसवली तर आतल्या आत फुगतं. आन एकदा तोटी बसवली की दोन-चार दिसांत संपवायचं, न्हायतर आंबून जातं.

रोज सांजच्याला रणधीर मला खाली नेतो, इवलेसे पेले मांडतो. "आबा, चाखा आन सांगा." मी घोटभर घेतो, डोळे मिटतो आन बोलतो काहीतरी. एकदा म्हणालो, "येळवशीला रानात माठातली आंबील पितो ना, रातभर निवलेली, तशी हाय." पोरगं नाचायचंच राहिलं. खडूनं फळ्यावर लिहिलं, वर मथळा टाकला, "आबांची चव". आता शनवार-रविवारी सोलापूर-लातूरचे लोक येतात ते आधी फळा वाचतात, मग पितात.

एक काम कर. तिकडं सध्या कशाकशाचा वास सुटलाय ते लिहून पाठव. घरातला, रानातला, बाजारातला. हसू नको. या माळावर वारं इतकं की वास ठरतच न्हाय.

दिवाळी झाली की सास्तूरला सोडतो म्हणालाय. माझ्या घराची चावी तुझ्याकडं हाय, आठवड्याला कवाड उघडून वारं लागू दे.

तुझा,
रामहरी


सास्तूर
१७ ऑक्टोबर २०२५

रामहरीस गुंडाप्पाचा शरणार्थी नमस्कार.

शिवशिवा! बहात्तराव्या वर्षी बिअर? मथुराबाई असती तर लाटणं घेऊन त्या तळघरात उतरली असती. सिताबाईला वाचून दाखवलं, तर ती म्हणते, "भाऊजी पीत न्हाईत, चाखतात. तुम्हाला चाखणं ठाऊकच न्हाय, तुम्ही गिळता." घे, माझ्याच घरात तुझा वकील!

आता खुशाली. गुडघा हाय तसाच, पण तोंड चालतं म्हणून घर चालतं. शंभूच्या लेकीला दोन दात आले, पहिला प्रयोग माझ्या बोटावर. म्हैस व्याली, रेडी. शंभूनं मला कानात घालायचं यंत्र आणलं. ते घातलं की भिंतीतनं कुणीतरी शिट्टी मारतंय असं वाटतं, म्हणून गव्हाच्या कणगीत ठेवलंय.

तू वास मागितलेस. लेका, दुसरं कुणी वास मागत न्हाय, पण तुझी हौस.

औंदाच्या पावसानं सोयाबीन भिजलं. त्याचे ढीग दारोदारी पडलेत. ऊन चढलं की त्यातनं ओल्या गोणपाटात गूळ बांधून ठेवल्यासारखा वास येतो, जरा गोड, जरा आंबूस, आन मागनं मातीचा. दिवाळीमुळं सिताबाई बेसन भाजतीय. ते करपायच्या एक क्षण आधी जो खमंग येतो ना, तो आज गल्लीभर हाय. चिंचेच्या जुन्या बरणीचं झाकण काढलं, काळीभोर झालेली चिंच, वासानंच दाढा आंबल्या. आन तुझं कवाड उघडलं. लोखंडी पेटीतली लुगडी, डांबरगोळ्या, फडताळात मथुराबाईचा हळदीचा डबा. सगळं हाय तिथंच हाय. मी कवाड उघडं टाकून उंबऱ्यावर बसलो जरा वेळ.

परवा बाजारात एका पोराची मोटारसायकल मला घासून गेली. काही झालं न्हाय. हॉर्न वाजवला न्हाय असं मी म्हणतो, वाजवला असं तो म्हणतो. सोड.

दिवाळी न्हाय जमली तर डिसेंबरातल्या अवसेला, येळवशीला ये. रानात कडब्याचा कोप घालतो, पांडवाची पूजा तुझ्या हातानं. भज्जी, उंडे, आन माठातली खरी आंबील. ती पी, मग त्या फळ्यावर लिही.

गुंडाप्पा


पवनचक्कीचा माळ
१० नोव्हेंबर २०२५

गड्या गुंडाप्पा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. हळदीच्या डब्यापाशी थांबलो. मग पुढं वाचलं.

तुझं भिजलेलं सोयाबीन लई चाललं! एका पिपाला मी जसंच्या तसं म्हणून टाकलं, "ओल्या गोणपाटात गूळ बांधल्यासारखी, मागनं माती." पुण्याचे दोन पाहुणे एकमेकांकडं बघून माना डोलवू लागले, आन एकजण वहीत लिहू लागला. बेसनाचं दुसऱ्या पिपाला लावलं. फळा भरून गेला. रणधीर सगळ्यांना सांगत फिरतो, "आमच्या आबांची जीभ!"

आन दिवाळी आली, गेली, मी इथंच. बॅग भरून पलंगाखाली ठेवली होती. रणधीर म्हणाला, "आबा, तुम्ही गेलात तर फळ्यावर काय लिहू? डिसेंबरात मेळावा हाय, आसपासच्या जिल्ह्यांतले चार लहान कारखानेवाले आपापलं पीप घेऊन येणार, पहिला घोट तुमचा." पोराच्या तोंडावर इतका आनंद होता की मी बॅगेतलं धोतर काढून परत दोरीवर टाकलं.

आता लिहितो ते सितावहिनीलाबी वाचून दाखवू नको.

गुंडाप्पा, मला वासच येत न्हाय. मथुराच्या आजारपणात मलाबी ताप आला होता बघ. ताप उतरला, तो नाक घेऊन गेला, आन जीभ बी. तिखट तेवढं झोंबतं, थंड-ऊन कळतं. बाकी शिरा काय आन कढी काय, सगळी ओली माती. रणधीरनं पहिल्यांदा पेला पुढं केला तवा वाटलं, आज न्हाय तर उद्या सांगू. तोंडातनं आंबील निघाली, कारण येळवस आठवत होती. तिथंच फसलो. आधी आठवणीतनं भागवलं, आता प्रत्येक चव तुझ्या पत्रातली हाय.

तू म्हणशील, सांगून टाक की. ऐक. श्रावणात दूध करपून पातेलं काळं झालं, आन मी त्याच खोलीत पेपर वाचत बसलेलो. सोनाली धावत आली. मी म्हणालो, डोळा लागला होता. आता नाक न्हाय असं कळलं, तर हे पोरगं मला सास्तूरच्या घरात एकटं ठेवंल का? गॅसची टाकी, नासलेलं दूध, करपलेली भाकर, सगळं त्याच्या डोळ्यांपुढं नाचंल. सांगितलं तर काळजीपोटी कोंडतो, न सांगितलं तर फळ्यापोटी कोंडतो. फाटक एकच हाय, आन दोन्ही बाजूंनी कडी.

त्र्याण्णवच्या भूकंपात मी भिंतीखाली होतो तवा निदान वरडता तरी येत होतं. तू ऐकलंस आन माती उकरलीस. इथं काय वरडू? सगळे चांगलंच वागतात.

मेळाव्यासाठी चार वास धाड. खणखणीत धाड.

रामहरी


सास्तूर
२१ नोव्हेंबर २०२५

रामहरीस शरणार्थी.

चष्मा फुटलाय म्हणून सिताबाईला सांगून लिहून घेतोय. (भाऊजी, चष्मा बरा हाय. नाकावरच हाय. – सिता) तुझं पत्र मी हिला दाखवलं न्हाय. (उशीखाली ठेवलं तर न्हाय कसं दिसणार?)

नाक गेलं म्हणून रडू नको. तसंबी तुझ्या नाकाचा गावाला काय उपयोग होता? लग्नात वरण करपलं तरी तू दोनदा वाढून घ्यायचास. (हे खरं हाय.)

पण पोराला सांगू नको. एकदा सांगितलं की संपलं. पोरं शिव्या देऊन कोंडत न्हाईत, पाठीवर हात फिरवून कोंडतात. तू कुठं चाललास, काय खाल्लंस, संडासाची कडी आतनं का लावलीस! आपलं आपल्यापाशी ठेवावं. (हे दुसऱ्याला शिकवतात. बघा पुढं.)

आता वास. पहिल्या पिपाला म्हण, हुरड्याची आगटी विझल्यावर राखेत हात घातल्यासारखी. दुसऱ्याला करडईचा ताजा घाणा. तिसऱ्याला म्हण, पावसाळ्यात बंद ठेवलेल्या पेटीतलं पुस्तक, शहरातल्या माणसाला ते आवडतं. चौथ्याला भाजलेला चिंचोका. आन मधीच अडलास, काही सुचंना, तर सरळ आंबील म्हण. आंबील कुठंबी चालते.

येळवशीला ये. बाकी सगळे बरे.

गुंडाप्पा

भाऊजी, आता मी माझं लिहिते. हे म्हशीकडं गेलेत, पाकीट मीच चिकटवणार हाय. सगळे बरे न्हाईत. दिवाळीनंतर दुसरी मोटारसायकल आली, ती घासून गेली न्हाय, पाडून गेली. उजवा हात मोडलाय, गळ्यात बांधलाय. पोरगं मागनं हॉर्न देत होतं, आख्ख्या गल्लीनं ऐकला, ह्यांनी सोडून. शंभू म्हणतो आता दोघांनीबी सोलापूरला चला, गुढीपाडव्याआधी घराला कुलूप. तिथं दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या हाईत. हे रात्रंदिवस म्हशीशी बोलत बसतात, मला काही सांगत न्हाईत. तुम्हाला कळवलं हे ह्यांना सांगू नका. तुमचं मी वाचलं हे बी सांगू नका. सगळ्यांचं लपवून लपवून माझंच पोट फुगलंय.

सिताबाई


पवनचक्कीचा माळ
९ डिसेंबर २०२५

गड्या गुंडाप्पा,

मेळावा झाला. सगळं उघडं पडलं. सांगतो.

रविवारी सकाळपासनं गाड्या. चार पिपं तळघरात मांडली, प्रवासाची दगदग निवावी म्हणून त्यातली तीन आधीच आणून ठेवली होती. फक्त एक पीप उशिरा आलं, बार्शीकडच्या हर्षाली नावाच्या पोरीचं. एकटीनं कारखाना काढलाय तिनं. खड्ड्याखड्ड्यांतनं टेम्पोत आणलं, आन वाटेत केव्हातरी त्याची खुंटी उडालेली. पोरगी आल्यापासनं त्या पिपापाशीच घुटमळत होती. मला वाटलं, लाजते.

साठ-सत्तर माणूस. मला खुर्चीवर बसवलं, गळ्यात नवा पंचा. पहिला पेला, मी आगटी म्हणालो. टाळ्या. दुसरा, करडईचा घाणा. टाळ्या. तिसऱ्याला पेटीतलं पुस्तक म्हटलं, तर एक बाई म्हणाली, "अगदी, अगदी!" मग हर्षालीचा पेला आला. ती काहीतरी बोलाय लागली, पण रणधीरनं तिला थांबवलं, "आधी आबा." मी घोट घेतला. जिभेला चुरचुरलं, बाकीच्या तिघींपेक्षा जास्त. मला वाटलं, ही सगळ्यांत जिती. चिंचोका मला कमी वाटला बघ तिला. म्हणालो, "ही खरी आंबील. चौघींत हीच."

लोकांनी घोट घेतले. आन गुंडाप्पा, सगळ्यांनी माना डोलवल्या! एकानं तोंड वाकडं केलं, मग फळ्याकडं बघून सरळ केलं. "आंबील, व्हय, आंबीलच," म्हणाले. सगळ्या सभेत एकच माणूस न्हाय म्हणालं, ती पोरगी. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आजोबा, खुंटी उडाली, वारं शिरलं, हे आंबलंय. सिरका झालाय नुसता. मी परत न्यायला निघाले होते. तुम्हाला कळलं न्हाय का?"

मी म्हणालो, "न्हाय, बाळा. मला काहीच कळत न्हाय."

कुणी हसलं न्हाय. हसले असते तर बरं झालं असतं.

सोनाली मला वर घेऊन आली. म्हणाली, "मामा, मला दिवाळीपासनं ठाऊक हाय. चिवड्यात मीठच घालायचं राहिलं होतं. सगळ्यांनी नावं ठेवली, तुम्ही तेवढे 'झकास' म्हणालात." मी विचारलं, रणधीरला का सांगितलं न्हायस? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर त्यांनी तुम्हाला गावाकडं जाऊच दिलं नसतं. मी वाट बघत होते, तुम्ही एकदा निघून जाल म्हणून."

मग रणधीर आला. रागावला न्हाय. माझ्या पायापाशी खाली बसला. म्हणाला, "आबा, मला ती चव-बिव काही नको होती हो. आई गेल्यावर तुम्ही बोलायचंच सोडलं होतं. त्या दिवशी आंबील म्हणालात, तर वरसात पहिल्यांदा सलग दहा शब्द बोललात. म्हणून रोज पेले मांडत होतो."

ऐकलंस? मी त्याच्यासाठी चाखत होतो, तो माझ्यासाठी मांडत होता. आन तळघरात पिपं आमच्यापेक्षा शहाणी, निदान खुंटीतनं श्वास सोडत होती.

त्यानंतर त्यानं डोळे पुसले आन म्हणाला, "आता मात्र तुम्हाला एक दिवस बी एकट्याला ठेवणार न्हाय." खोलीत जळका वास आला की बोंबलणारं यंत्र बसवलंय छताला. चहाची शेगडी काढून नेली. माझी बॅग पलंगाखालनं काढून माळ्यावर टाकली. फाटकावरच्या माणसानं आज नमस्कार केला, तोबी दोन्ही हातांनी.

येळवशीचं विसर.

आन तुझा हात कसा हाय? मला कुणी सांगितलं ते विचारू नको.

रामहरी


सास्तूर
१३ डिसेंबर २०२५

रामहरी,

डाव्या हातानं लिहितोय. अक्षरं कोंबडीच्या पायांसारखी आलीत, लावून वाच. कुणी सांगितलं ते विचारत न्हाय. आमच्या घरात लिहिता येणारी दोनच माणसं हाईत आन त्यातलं एक मी.

हे पत्र एकट्यानं वाचू नको. रणधीरला शेजारी बसव. शंभूला मी समोर बसवून सांगितलंय, त्यालाबी हेच.

रणधीर, ऐक. तुझा बाप नाकानं गेला, मी कानानं गेलो. मी तुझ्या बापाला सांगितलं, पोराला सांगू नको. ते चुकीचं सांगितलं. स्वतःचं लपवायचं होतं म्हणून त्यालाबी लपवायला लावलं.

आता असं करायचं. तुझ्या बापाच्या घरात चूल पेटायची न्हाय. टाकी काढून टाक, शेगडी काढून टाक, उदबत्तीबी नको. दोन्ही घरं एका रांगेत हाईत, मधी फक्त भिंत. जेवण सिताबाईकडं. दूध नासलं का, भाकर करपली का, ते माझं नाक बघंल, ते अजून शाबूत हाय. आन मी रस्त्यावर पाऊल टाकलं की तुझा बाप बरोबर पाहिजे. मागनं काय येतंय ते तो ऐकंल आन माझा खांदा दाबंल. त्याच्याशिवाय मी बाजारात जायचं न्हाय, हे मी शंभूपुढं कबूल केलंय. शंभू म्हणाला, काका आले तर सोलापूरचं पुढं ढकलू. न आले तर कुलूप.

भूकंपात तुझा बाप ढिगाऱ्याखाली होता. लोक म्हणाले, इथं कुणी जितं न्हाय, पुढं चला. मी जमिनीला कान लावला, तर खालनं बारीक आवाज आला. ते कान आता गेले. मला त्याचे दे.

एका महिन्यापुरतं दे. येळवशीपासनं संक्रांतीपर्यंत. न्हाय जमलं तर घेऊन जा, मी कवाडात आडवा पडणार न्हाय.

गुंडाप्पा


सास्तूर
८ जानेवारी २०२६

चि. रणधीर यास आबाचा आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी हाय? झोप लागते का, का अजून तळघरातच निजतोस? सोनालीचा खोकला गेला का? फाटकावरच्या माणसाला माझा नमस्कार सांग, एकाच हातानं. हर्षालीचं नवं पीप मुरलं का? तिला म्हणावं, खुंटीवर फडकं बांध आन टेम्पोत मधोमध निजव, कडेला नको. तुझी पिपं बरी हाईत का?

इथली खुशाली. वहिनीचा गुडघा थंडीनं कुरकुरतो. गुंडाप्पाचा हात गळ्यातनं निघाला, आता तो बोलताना दोन्ही हात फेकतो, जवळ बसवत न्हाय. मी बरा हाय. माझ्या घरात काडीपेटी बी न्हाय, सोनालीला सांग. जेवायला शेजारी जातो. गुंडाप्पा आधी ताट हुंगतो, मग म्हणतो, "जेव, रामहरी." वहिनी चिडतात, "माझ्या हातचं हुंगून बघायला मी काय त्यात विष कालवते?"

बाजारात आम्ही बरोबर जातो. तो पुढं, मी एक पाऊल मागं, माझे दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर. उजवा खांदा दाबला की उजवीकडं सरकायचं, दोन्ही दाबले की थांबायचं. लोक म्हणतात, म्हातारे वरातीला निघाले. मागल्या बुधवारी मी ऊस बघण्यात गुंगलो, ट्रॅक्टर आला, दोघंबी गटारीत बसलो. लागलं न्हाय, धोतरं गेली. हे तुला कळवायचं नव्हतं, पण आता लपवायचं न्हाय असं ठरलंय, म्हणून लिहितो.

येळवशीचं मी तुला सांगितलंच न्हाय. मला उतरवून तू लगेच परत फिरलास. कोपात पूजा झाली. वहिनीनं माठातली आंबील काढली आन पहिली वाटी मला दिली. भोवती पंधरा माणसं, सगळी माझ्या तोंडाकडं बघत. तुझा फळा इथवर पोचलाय रे. मी घोट घेतला. मग म्हणालो, "थंड हाय. दाट हाय. जिभेला मुंग्या आल्या. पुढचं गुंडाप्पाला विचारा." गुंडाप्पाला ऐकू आलं न्हाय. त्यानं आपली वाटी संपवून माझीबी घेतली.

फळा पुसलास का? पुसला नसशील तर बाकी सगळं पूस आन तेवढंच लिही. थंड, दाट, मुंग्या. ते माझं स्वतःचं हाय.

गेले काही दिवस सकाळी मी मथुराच्या हळदीचा डबा उघडतो. काही येत न्हाय. तरी उघडतो. गुंडाप्पा उंबऱ्यावरनं सांगतो, "हाय, हाय, अजून हाय." मग झाकण लावतो.

संक्रांतीला न्यायला येतो म्हणालास. ये. सोनालीला आण, तिळगूळ खा, वहिनी बाजरीची भाकरी करतील. माझी बॅग तू वरनं काढून दिलीस, ती इथं मोकळी करून खुंटीला टांगलीय. येताना दोघं या, बाळा, आन जाताना दोघंच जा. शंभूनंबी कुलूप आणलं न्हाय अजून, तुझ्या उत्तरावर थांबलाय.

व्हय का न्हाय ते लवकर लिही. फोन करू नको. इथं फोन गुंडाप्पा उचलतो.

तुझा,
आबा